काहीच दाबलं नाही तर

कृष्णाबाईने काहीच दाबलं नाही, आणि संगणक म्हणाला, "शाब्बास. अगदी बरोबर."

मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिचा हात माउसवर होता खरा, पण टेकलेला नव्हता. तव्यावरची भाकरी उलटायच्या आधी बोटं जशी वरच्यावर अंदाज घेत राहतात, तसा तो अधांतरी होता. सकाळपासून बर्फातली कोळंबी सोलून तिची बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती, आणि पदराला कितीदा पुसली तरी ओलीच दिसत होती. पडद्यावर मी लिहिलेलं वाक्य होतं: 'अमोनियाचा वास आला, की वारा जिकडे चालला असेल तिकडेच पळावे.' खाली दोन बटणं. हिरवं 'बरोबर', लाल 'चूक'. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तेच वाक्य आमच्या ऑफिसातल्या रेजिनाच्या आवाजात ऐकू येत होतं. कोपऱ्यात एक भरलेला गोल. तो हळूहळू रिकामा होत जातो आणि पुरता रिकामा झाला की वेळ संपते. कृष्णाबाई त्या गोलाकडेच बघत राहिली, एखादं भांडं गळताना बघावं तशी. गोल संपला. मग रेजिनाचा तो आवाज, सर्दीच्या दिवसांत रेकॉर्ड केलेला म्हणून थोडा नाकातला: शाब्बास. कृष्णाबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. "मी तं काय केलंच नाय, बाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. दुकानदाराने चुकून जास्तीचे पैसे परत दिले की माणूस जसा हात पुढे धरूनच उभा राहतो, तशी ती होती.

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या. कृष्णाबाय हुशार झाली, असं कुणी म्हणालं. मग जागृती नावाची तरणी मुलगी खुर्चीत बसली आणि तिने पहिल्यापासूनच दोन्ही हात मांडीवर घेतले. प्रश्न आला, गोल रिकामा झाला, शाब्बास. पुढचा प्रश्न, गोल, शाब्बास. तिने मागे वळून डोळे मिचकावले. त्यानंतर कुणालाही काही सांगावं लागलं नाही. एकामागून एक बायका येत होत्या, देवळात कथेला बसावं तशा हात जोडून बसत होत्या, आणि संगणक प्रत्येकीला शाबासकी देत होता. वसई पूर्वेच्या त्या गाळ्यात, जिथे मासळीच्या वासाखाली अमोनियाची एक बारीक तार सदैव ताणलेली असते, तिथे मी घडवलेली परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत हात न लावता पार पडत होती. दाराशी मॅनेजर फर्डिनंड उभे होते. ते खूश होते. बघा, आमच्या बायका पटकन शिकतात, असं मला म्हणाले. मी काही बोलले नाही. हे लिहिताना जाणवतं की तेव्हाही मी काही बोलले नाही आणि तेही त्यांनी हो असंच धरलं असणार.

फक्त लूर्डसने हात मांडीवर घेतले नाहीत. ती वजनकाट्यावर बसते, कारण थंड खोलीत तिला आता जाता येत नाही. आदल्या वर्षी तिथे गारव्यासाठी खेळवलेल्या अमोनियाचा पाइप फुटला तेव्हा सगळ्या बायका फाटकाकडे धावल्या होत्या, आणि वाराही फाटकाकडेच चालला होता. लूर्डस सगळ्यांत मागे होती, म्हणजे त्या ढगात सगळ्यांत जास्त वेळ. तेव्हापासून तिचा घसा गेला. ती बोलते तेव्हा कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. लूर्डस खुर्चीत बसली, वाक्य पूर्ण ऐकलं आणि गोल अर्धाही रिकामा होण्याआधी तिने 'चूक' दाबलं. शाब्बास, अगदी बरोबर. त्याच नाकातल्या आवाजात, त्याच गोडव्याने. जागृतीला मिळालेली आणि लूर्डसला मिळालेली शाबासकी यांत तिळाएवढाही फरक नव्हता.

माझं काम काय, हे बोळिंजच्या आमच्या इमारतीत अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. शेजारच्या हंसाबेनना वाटतं मी कॉम्प्युटरच्या शिकवण्या घेते. विरार पश्चिमेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे, खाली भांड्यांचं दुकान. कौस्तुभ सरांनी ते काढलं तेव्हा मी पहिली नोकरीला लागले. ते माझ्यापेक्षा वयाने लहान, मला मीराताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. कंपन्या आपापली माहिती आम्हाला देतात आणि आम्ही तिचे धडे बनवून सीडीवर देतो. धड्याच्या शेवटी चूक की बरोबर. ते माझं. वाक्यं लिहायची, बटणं मांडायची, कुठलं दाबलं की काय व्हायचं ते सॉफ्टवेअरला सांगायचं. शाळेत चूक की बरोबर हा सोपा प्रश्न असायचा, न वाचताही अर्धे गुण मिळायचे. पण तो बनवायला बसलं की कळतं, खोटं वाक्य लिहिणं फार अवघड. ते इतकं खरं दिसायला हवं की माणूस थांबला पाहिजे. आणि खरं वाक्य थोडं अवघडलेलं हवं, खरी माणसं असतात तसं. मला ते जमतं. सकाळी देवाची पूजा, माळ, तुळशीला पाणी, मग ऑफिसात येऊन खोटी वाक्यं. श्रीरंग, माझे यजमान, यावरून चिडवतात. म्हणतात, सकाळचं पुण्य दुपारी खर्च करतेस. मी म्हणते, खोटं वाक्य खोटं म्हणून ओळखता यावं यासाठीच तर लिहिते. यावर ते हसतात आणि मोजे शोधतात.

गाळ्यातून परत आले ती थेट फाइल उघडून बसले. प्रत्येक प्रश्नामागे एक लपलेली जागा असते. शिकणाऱ्याने काहीच दाबलं नाही तर काय समजायचं, ते तिथे भरायचं. मी ती रिकामी ठेवली होती. ती रिकामी असली की प्रश्न नुसता पुन्हा समोर येतो, ना शाबासकी, ना रागावणं. आता प्रत्येक प्रश्नामागे त्या जागेत 'बरोबर' भरलेलं होतं. वीज गेली, यूपीएस कुंईकुंई करायला लागला, आणि त्या आवाजात मी पडद्याकडे बघत बसले. कुणीतरी माझ्या घरात येऊन तुळशी वृंदावन उचलून दुसऱ्या बाजूला ठेवावं आणि सगळ्यांनी ते तिथेच होतं असं वागावं, तसं वाटलं. कौस्तुभ सर आतल्या खोलीत होते. मी जाऊन विचारलं. ते अजिबात दचकले नाहीत. उलट त्यांना आश्चर्य वाटलं.

"मीराताई, तुम्हाला विचारूनच बदललं. शुक्रवारी जेवताना. तुम्ही काही बोलला नाहीत."

खरं होतं. शुक्रवारी जेवताना ते समोर बसून बोलत होते. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं गाळा तपासायला येणार, त्याआधी सगळ्या बायका पास झालेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर फर्डिनंड आम्हाला पुढचं काम देणार नाहीत, बायकांना वेळेत बटण दाबणं जमत नाही, तर न दाबलेलं बरोबर धरू या, काय. मी घास घेत होते. मी मौनाने जेवते. पानावर हात जोडले की बोलणं बंद, चूळ भरली की सुरू. मधे बोलले तर पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत अन्न नाही. हे ऑफिसात पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना माहीत झालं. सुरुवातीला चेष्टा झाली, मग सवय झाली. त्या शुक्रवारी चूळ भरून मी आले तेव्हा सर फोनवर होते, मग बँकेत गेले, आणि माझ्या मनात आलं, त्यांनी नुसतं बोलून पाहिलं असेल. माणसं जेवताना किती काय काय बोलतात.

हा वसा मी आत्याकडून घेतला. आत्या आमच्याकडेच राहायची, सासरहून परत आलेली, तरुणपणीच. ती अशीच जेवायची. मला लहानपणी वाटायचं की तिच्या पानाभोवती एक पातळ भिंत आहे, कुणाचं काही तिला लागत नाही. मीही नववीत असताना तसंच जेवू लागले. आईला वाटलं चार दिवसांचं खूळ. ते खूळ नव्हतं. अन्नासमोर गप्प बसलं की आतलं सगळं खाली बसतं, गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं, आणि वर निवळ काहीतरी उरतं. तेवढ्यापुरता माझा देव माझ्याशी बोलतो असं म्हणणार नाही, पण ऐकतो असं वाटतं. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. न बोललेलं सगळं तिच्यात जातं म्हणे. आत्याने उद्यापन कधी केलं नाही. आता मी संगणकासमोर बसले होते, पडद्यावर 'बरोबर, बरोबर, बरोबर', आणि मला आत्याच्या पानाभोवती बसलेले माझे काका आणि वडील दिसू लागले. ते तिला महत्त्वाचं सगळं जेवतानाच विचारायचे. तू आता इथेच राहणार ना. पुन्हा लग्नाचं तुझ्या मनात नाही ना. मधली खोली धाकट्याला दिली तर तुझं काही म्हणणं नाही ना, तुला काय, स्वयंपाकघर आहेच. आत्या ताक भुरकायची. वडील म्हणायचे, तिची काही हरकत नाही. आणि विषय संपायचा, पानं उचलली जायची. मी ते सगळं ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, माझ्या स्वतःच्या मौनातून. पण ते लोक त्या वेळची वाट बघत असतील असं मला एकदाही वाटलं नव्हतं. लहान मुलाला मोठ्यांचं असं काही सुचत नाही. आत्या शेवटपर्यंत स्वयंपाकघरात निजली. ती समाधानी आहे असं सगळे म्हणायचे. असेलही. तिला कुणी जेवण झाल्यावर विचारलंच नाही.

आणि मग एक एक करून माझं. मला बघायला आले तेव्हा श्रीरंगच्या मावशींनी विचारलं, मुलगा पसंत आहे ना. मी ताटलीकडे बघत होते, सगळे हसले, कुणीतरी म्हणालं, लाजली म्हणजे झालं. मी लाजले नव्हते. मी विचार करत होते. मला थोडा वेळ हवा होता, एक संध्याकाळ, फार नाही. बोळिंजचा फ्लॅटही असाच ठरला. रात्रीच्या जेवणाला श्रीरंग म्हणाले, चौथा मजला घेऊ या, वारा येतो, आणि मी चूळ भरून येईपर्यंत त्यांनी बिल्डरला फोन केला होता. मला तळमजला हवा होता, मातीत तुळस लावता आली असती. आता गॅलरीत कुंडीत आहे, चांगली वाढली आहे. श्रीरंगशी माझं चांगलं चाललं आहे. हीच तर पंचाईत. त्या न दिलेल्या उत्तरांतली कितीतरी पुढे जाऊन माझीच झाली, इतकी की ती मी दिली नव्हती हेच विसरायला झालं. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मागे वळून पाहताना दिसतं ते असं, की एक खुर्ची आहे, तिच्यात मी हात मांडीवर घेऊन बसले आहे, कोपऱ्यातला गोल रिकामा होतो आहे, आणि दर वेळी कुणीतरी गोड आवाजात म्हणतं आहे, शाब्बास, अगदी बरोबर. माझं मौन मी देवाला वाहिलं होतं. ते वाटेत कोण उचलून नेत होतं, हे मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी मात्र मला राग आला. मला राग येतो तेव्हा आवाज चढत नाही, कान गरम होतात. कान गरम घेऊन मी एकेका प्रश्नामागची ती जागा पुन्हा रिकामी केली.

सर म्हणाले, परत 'बरोबर' करा. मी म्हटलं, नाही करणार. हे मी इतक्या हळू म्हटलं की त्यांना वाटलं मी विचार करते म्हणतेय. ते म्हणाले, ठीक आहे, शनिवारी फर्डिनंड पक्की सीडी न्यायला येतायत, त्यांच्यासमोर ठरवू. मग दाराशी थांबून, नेहमीच्या मऊपणाने म्हणाले की मीराताई, हे काम गेलं तर ऑफिस चालवणं कठीण आहे आणि सगळ्यांना ठेवता येईल असं नाही. ते धमकी देत नव्हते, हिशेब सांगत होते. बाहेर रेजिना वसईच्या होळी बाजारातून आणलेली मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत कोंबत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मीरा, तू भांडतेस तेव्हा तरी जरा मोठ्यांदा भांड. आम्हाला कळत पण नाही."

शनिवारी फर्डिनंड जेवायच्या वेळेलाच आले. घरचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि कसलंसं कालवण घेऊन, आणि माझ्यासाठी वेगळी सुकेळी, वसईची वाळवलेली केळी, कारण मी त्यांच्या डब्यातलं खात नाही हे त्यांना माहीत होतं. वाईट माणूस नाही. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली, डबे उघडले. मी माझं पान मांडलं, भात, मुळ्याची भाजी, बाजूला ती सुकेळी. डोळे मिटायच्या आधी सहज वर पाहिलं, तर कौस्तुभ सर माझ्या हातांकडे बघत होते. माझे हात अजून जोडले गेले नव्हते. ते बघत होते, कधी जोडले जातात. मी हात जोडले. डोळे मिटले. उघडले तर त्यांनी बोलायला सुरुवात केलेली.

एवढंच. पण त्या एवढ्याशाने माझ्या अंगातून काहीतरी सरकन गेलं, पाय घसरल्यावर जातं तसं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित त्यांच्याही नकळत ठाऊक असेल, कुत्र्याला जसं कळतं की या घरातलं कोण हाकलणार नाही. सर फर्डिनंडना सांगत होते, थोडा तांत्रिक मुद्दा होता, तो मिटलाय, न दाबलेलं बरोबर धरायचं, सगळ्या पास होतील, सीडी तयार आहे. भाताची वाफ माझ्या तोंडावर येत होती. मला भूक लागली होती, हे मला स्पष्ट आठवतं. देवा, मी म्हटलं, मनात, हे तुझं आहे की यांचं. मी गप्प बसते ती तुझ्यासाठी. यात यांचा हिस्सा कधी ठरला. आणि उत्तर आलं नाही. तो कधीच देत नाही. पण त्याच्या उत्तर न देण्याला मी आजवर हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही, मी नुसती थांबत आले आहे, आणि हेच तर माझं सगळं नेमाचं आयुष्य आहे. सर माझ्याकडे वळले. "मीराताई, हरकत नाही ना?"

"आहे," मी म्हटलं.

रेजिनाच्या हातातला फुगा तसाच राहिला. फर्डिनंडनी आधी माझ्याकडे, मग माझ्या पानाकडे पाहिलं. ते वसईचे, घरी जेवणाआधी प्रार्थना करणारे, त्यांना मोडलेलं काय ते बहुतेक कळलं. "ताई, तुम्ही जेवा आधी," ते म्हणाले. मी पानावरून हात मागे घेतला होता. म्हटलं, आता उद्या. न दाबलेलं बरोबर नाही धरायचं, बरोबर नाही आणि चूकही नाही. तो गोल काढायचा. प्रश्न समोर राहील, बाई दाबेपर्यंत राहील, पुन्हा ऐकवेल, चुकली तर का चुकली ते सांगेल, आणि पुढे तेव्हाच जाईल. नापास कुणीच नाही. पण न शिकता पासही कुणी नाही.

फर्डिनंड रागावले नाहीत. ते समजावू लागले, आणि त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं. तपासणीच्या दिवशी जिचं नाव पास म्हणून दिसणार नाही तिला थंड खोलीत पाठवता येणार नाही. ती घरी बसेल. माल उतरला की बर्फ वाट बघत नाही, बायका सोलतील त्या वजनावर त्यांचं पोट. "त्या कृष्णाबाईला तुम्ही सांगाल? घरी बस, ताईंना तुझं उत्तर पाहिजे म्हणून?" मला कृष्णाबाईची ती अधांतरी बोटं दिसली. तिला हे सगळं नकोच असेल. तिला विचारलं तर म्हणेल, बाय, तुझा शाब्बास चांगला हाय, राहू दे. माझ्या सत्याची किंमत तिच्या चुलीतून जाणार असेल, तर मी कोण. क्षणभर मी खरंच डगमगले. मग मला वाटलं, हेही तेच आहे. तिलाही न विचारता तिच्या वतीने हो. मी म्हटलं, "तिला वेळ तुम्ही द्यायचा. कामाच्या वेळातला. लूर्डसच्या घशाला काय लागलं ते तुम्ही बघितलंय."

यावर फर्डिनंडनी मान खाली घातली आणि फुग्याचा तुकडा कालवणात बुडवला, पण तोंडात घातला नाही. पंख्याचा आवाज होता, खालच्या दुकानात कुणीतरी पातेली एकमेकांत बसवत होतं. कौस्तुभ सरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूच सुटला. काम जात नाहीये असं त्यांना दिसलं असावं. चपळ माणूस, मला त्यांची ती चपळाई आवडते. ते म्हणाले, "ठीक मग. फर्डिनंड सरांची काही हरकत दिसत नाही. मीराताई म्हणतात तसं करू."

मला हवं होतं तेच होत होतं. मी हो म्हटलं असतं तर झालं होतं. रेजिना डोळ्यांनी सांगतही होती की घे.

"ते अजून काही बोललेले नाहीत," मी म्हटलं.

सरांना कळेना. मग आम्ही सगळेच थांबलो. मी आयुष्यात इतकी जेवणं गप्प बसून जेवले, पण दुसऱ्या कुणाच्या मौनासमोर अशी बसले नव्हते. ते केवढं मोठं असतं, आणि त्यात पाय टाकून पलीकडे जाणं किती सोपं. माझे वडील, काका, मावशी, श्रीरंग, कौस्तुभ सर, सगळे किती सहज गेले असतील, काही न तुडवल्यासारखे. मलाही मोह होत होता. माझ्या भातावर साय धरावी तसा पातळ थर आला. फर्डिनंडच्या कपाळावरची शीर हलत होती, ते नाही म्हणतील असं मला वाटू लागलं, आणि नाही म्हणाले असते तर माझी नोकरी तिथेच संपत होती, तरी मी त्यांच्या मधे पडले नाही. गोल नव्हता. रिकामं होणारं काही नव्हतं. एक माणूस मनात काहीतरी उचलत होता, ठेवत होता.

"लूर्डस माझ्या वाड्यातली आहे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "लहानपणी चर्चमध्ये गायची." मग ताटात हात धुतले, जे ते एरवी करत नसावेत. "काढा तो गोल. बायकांना मी कामात वेळ देतो. पण जिला नाही जमणार तिच्याशेजारी तुम्ही येऊन बसायचं, ताई. मला नाही तेवढा धीर."

"येईन," मी म्हटलं.

कौस्तुभ सर माझ्याशी नीट बोलायला नंतर बरेच दिवस लागले, आणि पुढच्या मोठ्या कामावर त्यांनी मला घेतलं नाही. तेही त्यांनी सांगितलं नाही, मला आपोआप कळावं असं ठेवलं. मी जाऊन विचारलं. दुपारी, जेवण उरकल्यावर, चूळ भरून. त्यांनी तोंडाने सांगेपर्यंत समोर उभी राहिले. पण ते पुढचं.

त्या शनिवारी सीडी नव्याने करायची होती, आणि एक गोष्ट राहिली होती. काहीच दाबलं नाही तर संगणक काय म्हणेल. रेजिनाचा घसा पुन्हा बसला होता. ती म्हणाली, तूच बोल, वाक्य तुझंच आहे. रेकॉर्डिंगला आम्ही आतल्या खोलीतलं कपाट वापरतो, आत गोधड्या लावलेल्या, त्यात माइक. मी कपाटात तोंड घालून उभी राहिले. गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. वाक्य लिहिताना साधं वाटलं होतं. "तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. मी थांबले आहे." रेजिनाने पडद्यावरची रेघ बघितली. रेघ सपाट. "काहीच आलं नाही, मीरा." मी पुन्हा म्हटलं. रेघ जरा थरथरली. ती म्हणाली, तिथे बर्फ फोडायचं मशीन चालू असतं, माहीतय ना. मी डोळे मिटले. नामस्मरणाला मिटते तसे मिटत होते, पण नाम आलं नाही, ती मांडीवर हात घेतलेल्या बायकांची रांग आली, आणि त्या रांगेत मधेच आत्या, नऊवारीत, पान समोर. मी तोंड उघडलं आणि जो आवाज बाहेर पडला तो मला ओळखीचा नव्हता. जाड होता, जरा चिरका. माझ्या घरात तो कुणी ऐकला नसेल.

"तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. मी थांबले आहे."

दार उघडलं. कौस्तुभ सर उंबऱ्यात होते, हातात फोनचा रिसीव्हर, त्याच्या तोंडावर तळहात धरलेला. "मीराताई, बाहेर ऐकू येतंय."

"येऊ दे," मी म्हटलं, आणि रेजिनाला पुन्हा सुरू करायची खूण केली.